‘कर्तृत्व’ की ‘कर्तेपण’? इब्री लोकांस पत्राच्या निमित्ताने

प्रश्न: बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पत्रावर लेख लिहितेय. ‘या पत्राचं कर्तृत्व वादग्रस्त आहे’ हे वाक्य चालेल का? की सरळ ‘छद्मनामी पत्र’, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर लिहिलेलं, म्हणू?

उत्तर: दोन्ही नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘कर्तृत्व’ व्याकरणाने बरोबर आहे, पण आपण तो शब्द पराक्रमासाठी वापरतो. ‘कर्तृत्ववान माणूस’, ‘स्वतःच्या कर्तृत्वावर पुढे आला’. हे पत्र परंपरेने पौल या प्रेषिताचं, म्हणजे आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारकाचं मानतात; तुमच्या लेखात ‘पौलाचं कर्तृत्व वादग्रस्त’ असं आलं, तर वाचकाला वाटेल की पौलाने काहीतरी भलतं केलं. ‘कर्तेपण’ घ्या. किंवा त्याहून साधं: ‘हे पत्र कोणी लिहिलं याबद्दल वाद आहे.’

‘छद्मनामी’ तर इथे अन्यायच. छद्म म्हणजे सोंग, आणि सोंग घ्यायला आधी नाव तरी हवं. नव्या करारातली पौलाच्या नावाची १३ पत्रं ‘पौल’ याच शब्दाने सुरू होतात. इब्री पत्राची सुरुवात ‘पूर्वी देव वेळोवेळी, नाना परींनी बोलला’ अशा अर्थाच्या वाक्याने होते, आणि पुढच्या १३ अध्यायांत लिहिणारा आपलं नाव कुठेच सांगत नाही. शेवटी पौलाचा सोबती तीमथ्य याचा उल्लेख आणि इटलीकरांचा सलाम आहे, एवढंच. म्हणून ते ‘निनावी’. पौलाचं नाव परंपरेने जोडलं. बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात या पत्राच्या मथळ्यातही ते होतं.

‘निनावी’ला ‘निनावी तक्रारी’मुळे थोडा संशयाचा वास लागलाय, हे खरं. तरी मी तोच शब्द ठेवीन, कारण तो खरं तेवढंच सांगतो.

पौल नसावा असं का म्हणतात, हेही लेखात यायला हवं. २:३ मध्ये (दुसरा अध्याय, तिसरं वचन) लेखक म्हणतो की प्रभूचं बोलणं ऐकणाऱ्यांकडून ते आपल्यापर्यंत पोचलं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल ठासून उलट सांगतो: मला हे माणसाकडून मिळालेलं नाही. शिवाय ग्रीक भाषेची घडणही वेगळी. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला ती जाणवली होती. विचार प्रेषिताचे (म्हणजे पौलाचे), शब्द दुसऱ्या कोणाचे, आणि लिहिलं कोणी ते देवालाच ठाऊक, असं त्याने म्हणून ठेवलंय. टर्टुलियन या आद्य ख्रिस्ती लेखकाने पौलाचा सहकारी बर्णबा याचं नाव घेतलं, तर धर्मसुधारक ल्यूथरने पौलाच्याच काळातला उपदेशक अपुल्लोस याचं.

पुन्हा प्रश्न: मग ‘प्रक्षिप्त’?

उत्तर: नाही. मूळ ग्रंथात मागाहून घुसलेल्या मजकुराला प्रक्षिप्त म्हणतात, जसा मार्कच्या शुभवर्तमानाचा (नव्या करारातल्या येशूच्या चरित्राचा) शेवट (१६:९–२०) बहुतेक अभ्यासक मानतात. तुकोबांच्या गाथेतल्या काही अभंगांबद्दल आपण हाच शब्द वापरतो; तिथे निदान ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा तरी असते. इथे मुद्राच नाही.

आणखी एक प्रश्न: लेखिका पौलाची सहकारी प्रिस्किल्ला असावी, असंही वाचलंय. मग ‘लेखक’ तरी म्हणावं का?

उत्तर: ती कल्पना १९०० साली हारनाक या जर्मन अभ्यासकाने मांडली. मला ती फार आवडते, पण ११:३२ आडवं येतं. ‘सांगत बसलो तर वेळ पुरायचा नाही’ अशा अर्थाच्या त्या वाक्यात लेखकाने स्वतःबद्दल वापरलेलं ग्रीक धातुसाधित पुल्लिंगी आहे. मराठीत इथे ‘बसलो’ की ‘बसले’ हे ठरवावंच लागतं. ‘सांगत बसलं तर’ लिहून पळवाट काढता येते, पण मग मुळातला तो एकुलता पुरावाच पुसला जातो. भाषांतरात मी ‘बसलो’च ठेवीन.