खरखर म्हणजे कला? ('द ग्लो पार्ट टू'च्या भक्तांसाठी)

स्पष्टवक्ता
परवा इथे 'द मायक्रोफोन्स'च्या, म्हणजे फिल एल्व्हरम या अमेरिकन गायकाच्या, 'द ग्लो पार्ट टू' या अल्बमवर एक लेख आला. त्याचा सूर असा की ज्याला हा अल्बम भिडत नाही, त्याचे कान स्टुडिओतल्या गुळगुळीत आवाजाने बिघडलेत. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण दोन ओळींत माझं भागेना. म्हणून वेगळा धागा.

अल्बम ऐकलाय मी. २० गाणी, ६६ मिनिटं, हेडफोन लावून, मध्ये न उठता. पहिलं गाणं छान आहे, एक गिटार डाव्या कानात, एक उजव्या, नुसतं तेवढंच ऐकत बसावं. पुढे काय? शीर्षकगीत सुरू होतं तेच फाटक्या आवाजात. बाबा काय गातोय ते कळायला शब्द समोर घेऊन बसायचं. मध्येच ड्रम अंगावर कोसळतात, मध्येच जहाजाचा भोंगा. दोन तुकड्यांचं नाव 'इन्स्ट्रुमेंटल', आणखी दोघांचं '(समथिंग)'. म्हणजे नाव सुचेपर्यंतही थांबवलं नाही. आणि पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने याला २००१चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं!

साधनंच नाहीत म्हणून आवाज खराब आला, तर माझी काही तक्रार नाही. पण फिल एल्व्हरमकडे स्टुडिओ होता. अमेरिकेत ऑलिंपियातला डब नारकॉटिक, के रेकॉर्ड्स या कंपनीचा. टेप मशीन होतं, महिनोन्महिने वेळ होता. तरी मुद्दाम आवाज बिघडवायचा. गरिबीचं सोंग आणायचं आणि वर त्याला प्रयोग म्हणायचं?

मंद्रसप्तक
तो लेख माझाच. तुमचं नाव कुठेही घेतलं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं.

शीर्षकगीताबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते फाटकं प्रकरण अचानक थांबतं आणि मागे ऑर्गन व एकटा आवाज उरतो, इतका जवळ की गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. आधीचा भाग स्वच्छ असता तर हा भाग इतका जवळचा वाटलाच नसता. हल्लीच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये कुजबुज आणि किंकाळी एकाच पातळीवर आणून ठेवतात. इथे लहानमोठेपणा हीच रचना आहे. गरीब असल्याचा दावा त्याने केलाच नाही, मग सोंग कसलं? स्टुडिओ होता म्हणूनच हे जमलं. टेपवर नुसत्या गिटारींचे थरावर थर चढवायला मशीन लागतं आणि चिकाटीही.

स्पष्टवक्ता
म्हणजे मुद्दाम केलं म्हणून माफ? मी मुद्दाम बेसूर गायलो तर तुम्ही लेख लिहाल का?

मंद्रसप्तक
आधी गा. मग ठरवू.

जुना_टेपवाला
ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' अल्बमचं नाव अजून कोणी काढलं नाही हे पाहून गहिवरलो. आता मीच काढतो.

स्प्रिंगस्टीनने १९८२ साली ती गाणी घरी टीॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर नमुना म्हणून भरली होती. बँडबरोबर पुन्हा वाजवून पाहिली, मजा येईना, शेवटी घरचीच कॅसेट बाजारात आणली. ती खरखर टाळता येत नव्हती म्हणून आली. एल्व्हरमची निवडून आलेली आहे, पण निदान खऱ्या टेपवरची. त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आजच्या पोरांवर. आमच्याकडे मिक्सिंगला येतात, रेकॉर्डिंग आरशासारखं लख्ख, आणि म्हणतात 'जरा घाण करून द्या ना'. मग मी लॅपटॉपमध्ये 'जुनी टेप' नावाचं बटण दाबायचं. लो-फाय, म्हणजे मुद्दाम ओबडधोबड आवाजातलं, फोक म्हणे!

कोरा_कागद
दाबा की. रिव्हर्बही (आवाजाची घूम) खोटाच असतो. एवढ्याशा खोलीत गायलेलं गाणं मोठ्या सभागृहात गायल्यासारखं ऐकू येतं, तेव्हा कोणी पोलिसात जात नाही.

जुना_टेपवाला
रिव्हर्ब गाण्याला उत्तर देतो. तुम्ही जोरात गा, तो जोरात परततो. टेपचंही तसंच. पातळी चढवली की टेप आवाजाला दाबते, कडा गोल होतात, वर बारीक स्वरांश चढतात. गायक आणि टेपची झटापट असते ती. तुमच्या बटणातली खरखर कोणाशीच झटत नाही. काही सेकंदांचा लूप, गाण्याखाली पसरलेला. एकदा कानाने पकडला की पुढे गाणं ऐकूच येत नाही, लूपच ऐकू येतो.

कोरा_कागद
चांगली प्लगिन्स (सॉफ्टवेअरमधली अशी बटणं) आवाजाप्रमाणे बदलतात. तुमच्याकडचं जुनं असेल. (दिवे घ्या.)

जुना_टेपवाला
दिवे नकोत, कान घ्या. चांगली प्लगिन्स माझ्याकडेही आहेत. आणि नुसत्या आवाजावरून ओळखून दाखवतो, बटण कुठलं आणि टेप कुठली.

रिकामी_ओळ
खरखर नकोच म्हणणाऱ्यांसाठी थोडं अवांतर. आईच्या गाण्याची एक जुनी कॅसेट होती माझ्याकडे. आई गेल्यावर मी ती संगणकावर उतरवली आणि नॉइज रिडक्शन लावलं. ती सॉफ्टवेअर कसं काम करतात माहीत असेलच: आधी गाणं नसलेला एक तुकडा दाखवायचा, मग तसं जे जे सापडेल ते सगळीकडून वजा. खरखर गेली. सोबत 'स' आणि 'श' गेले, शब्दांची टोकं गेली, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा. आमच्या घरातल्या कोणालाही तो आईचा वाटला नाही. मी पुन्हा मूळ कॅसेट लावली. खरखरीतच ती होती.

स्पष्टवक्ता
वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण आईंनी ती खरखर मुद्दाम घातली नव्हती ना? उलट माझाच मुद्दा झाला हा. तुमच्या कॅसेटमधली खरखर त्या काळाची आहे. हा माणूस तो काळ उसना आणतो.

रिकामी_ओळ
माझ्या आईची कॅसेट तुमच्या मुद्द्याला जोडायला दिली नव्हती मी.

स्पष्टवक्ता
मग इथे लिहिलीतच का? चर्चेच्या धाग्यात लिहायचं आणि कोणी बोललं की दुखावायचं.

मंद्रसप्तक
स्पष्टवक्ता, स्पष्ट बोलणं आणि फटकळ बोलणं यांत फरक असतो.

हिशेबी
भांडण थांबवा आणि पैशाचं बोला. २०२४पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम्स नसतील, तर त्या गाण्याचे पैसे मोजतच नाहीत. आज एखाद्या नव्या पोराने असा २० तुकड्यांचा अल्बम केला तर त्यातल्या किती तुकड्यांना दमडी मिळेल? '(समथिंग)' कोण शोधून ऐकणार आहे? हा प्रकार संपणार आहे तो कानांमुळे नाही, हिशेबामुळे.

कोरा_कागद
पैशासाठी लो-फाय फोक करणारा माणूस मला एकदा दाखवाच. फुले वाहीन.

मंद्रसप्तक
मूळ मुद्द्यावर येऊ का? खरखर ही एल्व्हरमची कुबडी असती तर ती त्याने आयुष्यभर वापरली असती. त्याची पत्नी जनव्हिएव्ह कास्त्रे २०१६मध्ये वारली. त्यानंतर ती जिथे गेली त्याच खोलीत बसून, बहुतेक तिचीच वाद्यं घेऊन, लॅपटॉप आणि एका मायक्रोफोनवर त्याने 'अ क्रो लुक्ट ॲट मी' केला. २०१७चा अल्बम. साधनं 'ग्लो'पेक्षा कमी, आणि आवाज स्वच्छ. शब्दन् शब्द कळतो. म्हणजे काय कधी लागतं हे त्याला कळतं.

स्पष्टवक्ता
ऐकलाय. दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही, इतका चांगला आहे. पण तुम्हीच सांगा, खरंच काही सांगायचं होतं तेव्हा त्याने खरखर टाकून दिली की नाही? खटला तुम्हीच हरलात, वकीलसाहेब.

मंद्रसप्तक
अजिबात नाही. 'ग्लो'च्या वेळी तो २२-२३ वर्षांचा होता. त्या वयात वारा, रात्र, स्वतःचं रक्त, सगळंच अंगावर येतं, आणि ते अंगावर आल्यासारखंच ऐकू यायला हवं. 'क्रो'मध्ये दु:ख इतकं उघडं आहे की त्याला साथसुद्धा जड झाली असती. दोन्हींना एकाच मापाने मोजायचं असेल तर तुमची मर्जी.

जुना_टेपवाला
लॅपटॉपवर स्वच्छ रेकॉर्ड करून स्वच्छच ठेवला. याला म्हणतात प्रामाणिकपणा. बटण दाबलं नाही.

कोरा_कागद
काका, तुमची गाडी त्या बटणावरून पुढे सरकतच नाही.

स्पष्टवक्ता
चला, उदार होतो. ६६ मिनिटांतली पहिली १५ चांगली. उरलेली ५१ तुम्हाला आंदण.

मंद्रसप्तक
त्या ५१मध्ये 'आय फेल्ट युअर शेप' आहे. जेमतेम दोन मिनिटं, गिटार आणि आवाज, बास. शब्द समोर घ्यावे लागणार नाहीत. अठरावं गाणं. तिथपर्यंत तुम्ही खरंच पोहोचला होतात का, अशी मला दाट शंका आहे.

स्पष्टवक्ता
पोहोचलो होतो, कंटाळलेला होतो. आता पुन्हा ऐकलं. बरं आहे. ठीक, चांगलं आहे. पण ते संपून 'सामुराई स्वोर्ड' सुरू झालं आणि मी हेडफोन उपटून फेकला. आवाज कमी करायलाही सवड देत नाही हा इसम.

मंद्रसप्तक
आता कळलं ना, ते दोन मिनिटांचं गाणं तिथे का ठेवलंय?

स्पष्टवक्ता
कळलं. पटलं नाही. माझे कान वाजतायत ते तुमच्या खात्यावर लिहा.

रिकामी_ओळ
'सामुराई स्वोर्ड' मलाही सहन होत नाही, नोंद असावी. याचा अर्थ मी स्पष्टवक्त्यांच्या बाजूने आहे असा कृपया काढू नये.

जुना_टेपवाला
कोरा_कागद, 'चांगली प्लगिन्स' म्हणालात ती कुठली, सांगितलंच नाहीत. वाट पाहतोय.