‘अमूर्त’ हा शब्द कुठवर पुरतो? – पोलॉक, न्यूमन आणि समकालीनांच्या प्रदर्शनांविषयी लिहिताना

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचे ‘फुल फॅदम फाइव्ह’ हे १९४७ सालचे चित्र न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. ते जवळून पाहिले, तर रंगाच्या जाड थरांत खिळे, बटणे, नाणी, सिगारेटची थोटके, आगकाड्या आणि एक किल्ली रुतून बसलेली दिसते. मराठीत आपण या चित्राला बिनदिक्कत ‘अमूर्त’ म्हणतो. परंतु ‘मूर्त’ म्हणजे ज्याला आकार आहे, जे हाताला लागते ते. कल्पना मूर्त स्वरूपात आली असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला हेच म्हणायचे असते. ज्या चित्रात खरीखुरी किल्ली चिकटलेली आहे, त्याच्याइतके मूर्त चित्र दुसरे कोणते असेल? शिवाय सगुण-निर्गुणाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ‘अमूर्त’ म्हटले की ‘निराकार’ ऐकू येते, आणि चित्राभोवती अध्यात्माचे एक वलय आपोआप तयार होते. काही चित्रकारांच्या बाबतीत ते शोभेलही, पण सरसकट सगळ्यांना ते चिकटवणे मला योग्य वाटत नाही.

‘अमूर्त’ ज्यासाठी वापरला जातो त्या ‘अॅबस्ट्रॅक्ट’ या मूळ इंग्रजी शब्दाचा लॅटिन धातू पाहिला, तर त्याचा अर्थ ‘ओढून वेगळे काढणे’ असा आहे. मराठीने या एका शब्दासाठी निरनिराळ्या क्षेत्रांत निरनिराळे शब्द रुळवले आहेत. व्याकरणात आपण ‘भाववाचक नाम’ म्हणतो, आणि तिथला ‘भाव’ म्हणजे मनातली भावना नसून वस्तूपासून वेगळा काढलेला तिचा धर्म असतो. हिशेबाच्या किंवा अहवालाच्या संदर्भात आपण ‘गोषवारा’ म्हणतो. या दोन्ही शब्दांत ‘काढून घेण्याची’ क्रिया शाबूत आहे. ‘अमूर्त’मध्ये मात्र ती हरवली असून केवळ आकाराचा नकार उरला आहे. पोलॉक यांचे समकालीन चित्रकार विलेम डी कूनिंग यांनी मार्च १९५३ मध्ये सिडनी जॅनिस यांच्या कलादालनात स्त्री या विषयावरची चित्रे मांडली, तेव्हा डोळे, दात आणि स्तन स्पष्ट ओळखू येत होते, आणि तरीही ब्रशच्या फटकाऱ्यांनी ती देहाकृती मोडून टाकलेली होती. अशा चित्रांसाठी ‘अमूर्तीकरण’ हा प्रक्रियावाचक शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तिथे एक मूर्त वस्तू होती आणि तिच्यापासून काही काढून घेतले गेले, हे त्यातून कळते.

याउलट, जिथे मुळात वस्तूच नव्हती, त्या चित्रासाठी इंग्रजीत ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ असा वेगळा शब्द आहे. त्याचे भाषांतर करताना हमखास घात होतो, कारण ‘ऑब्जेक्टिव्ह’ला ‘वस्तुनिष्ठ’ म्हणण्याची आपल्या हाताला सवय झालेली असते आणि मग ‘अवस्तुनिष्ठ’ किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘व्यक्तिनिष्ठ’ असे काहीतरी कागदावर उतरते. इथे प्रश्न निःपक्षपातीपणाचा नसून चित्रात वस्तू आहे की नाही याचा आहे. म्हणून मी ‘वस्तुनिरपेक्ष’ असे लिहितो. हा भेद आपल्यासाठी परका नाही. नागपूरला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अॅबस्ट्रॅक्ट’ म्हणवून न घेता ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत असत. २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले, आणि हे संग्रहालय १९३९ साली सुरू झाले तेव्हा त्याच्या नावातच ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ हे शब्द होते. स्वतः चित्रकाराने इतक्या काळजीने निवडलेला शब्द आपण मराठीत ‘अमूर्त’ म्हणून पुसून टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अमेरिकन कलासमीक्षक हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी डिसेंबर १९५२ मध्ये रूढ केलेल्या ‘अॅक्शन पेंटिंग’साठी, म्हणजे चित्र काढण्याच्या कृतीलाच महत्त्व देणाऱ्या चित्रणासाठी, ‘क्रियाचित्रण’ असा शब्द सुचवला जातो. मला ‘कृतिचित्रण’ बरे वाटते, कारण ‘कृती’ म्हणजे करणेही आणि केलेली वस्तूही, आणि त्याच शब्दापासून ‘कलाकृती’ आलेला आहे. कॅनव्हास हा चित्रकाराला कृती करण्याचा ‘अरीना’ वाटू लागला, असे रोझेनबर्ग यांनी लिहिले होते. त्या ‘अरीना’साठी ‘आखाडा’ नको, कारण आखाड्यात प्रतिस्पर्धी लागतो. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्याच्या चारही बाजूंनी फिरत रंग ओतत, त्यामुळे तिथे ‘रिंगण’ हा शब्द अगदी चपखल बसतो.

शेवटचा शब्द अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांच्या चित्रांतला आहे, आणि त्यावर मला इतरांचे मत हवे आहे. १९५१ मध्ये बेटी पार्सन्स यांच्या कलादालनात प्रदर्शन भरवताना न्यूमन यांनी भिंतीवर एक टंकलिखित सूचना लावली होती: मोठी चित्रे दुरून पाहण्याकडे लोकांचा कल असतो, पण या प्रदर्शनातली मोठी चित्रे जवळून पाहण्यासाठी आहेत. त्या काळातले त्यांचे ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ हे चित्र सुमारे आठ फूट उंच आणि जवळजवळ अठरा फूट रुंद आहे. सूचनेप्रमाणे त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले की लाल रंगाच्या कडा नजरेबाहेर जातात आणि समोर उरतात त्या वरपासून खालपर्यंत गेलेल्या अरुंद उभ्या पट्ट्या. त्यांना न्यूमन पुढे ‘झिप’ म्हणू लागले. मराठीत ‘झिप’ म्हटले की पिशवीची चेन डोळ्यांपुढे येते. ‘रेघ’ फार हलकी आहे, ‘पट्टा’ फार रुंद आहे, आणि ‘चीर’ म्हटले तर चित्र दुभंगल्याचा अर्थ होतो, जो न्यूमन यांना मान्य नव्हता. ही पट्टी चित्राला तोडत नाही, जोडते, असे त्यांचे म्हणणे होते. बराच विचार करून मी ‘सांध’ या शब्दापाशी थांबलो आहे, कारण दोन फळ्यांच्या मधली फटही सांधच असते आणि त्या जिथे जुळतात ती जागाही सांधच असते. कुणाला याहून नेमका शब्द सुचत असेल, तर तो उदाहरणासह अवश्य मांडावा.