आजोबांच्या पोथ्यांना योग्य भाव कुठे मिळेल?

प्रश्न (गुहागर): माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या पोथ्या सापडल्या. एक गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातली, शिळाप्रेसची (दगडावरून छापलेली), शके १७७९. कडा कसरीने खाल्ल्यात, शाई मात्र काळीभोर. भंगारवाला किलोवर मागतोय, जीव तुटतो हो. गिऱ्हाईक कुठे शोधू?

उत्तर: किलोवर मुळीच देऊ नका! पानं पुरी आहेत का बघा. छापखाना आणि शक बहुधा शेवटच्या पानावर असतो. शकात ७८ मिळवा, की इसवी सन. फोटो पाठवून दोन-तीन जुन्या पुस्तकवाल्यांकडून भाव घ्या. सुट्या पानांना चिकटपट्टी नको, किंमत पडते.

उत्तर: हस्तलिखितं वेगळी काढा. ७५ वर्षांवरचं मोलाचं हस्तलिखित कायद्याने पुरावस्तू, परदेशी विकता येत नाही. पुण्यात ‘भांडारकर’ प्राच्यविद्या संशोधन संस्थेत दाखवा.

प्रश्नकर्ती: दोन बोरूने लिहिलेल्या आहेत. त्या विकणार नाही. छापील पोथ्यांचे फोटो उद्या उजेडात काढते.