मदत हवी आहे: १६ लीफ, ८ स्पाइन, ३२० नोड – अपलिंक केबल कशा वाटाव्यात?

चाळीस_पोर्ट
इन्फिनिबँड या वेगवान जाळ्याने जोडलेलं ३२० नोडचं, म्हणजे संगणकांचं, क्लस्टर उभं राहतंय. १६ कम्प्यूट रॅक, प्रत्येकात २ यू (१ यू म्हणजे सुमारे ४.४५ सेंमी) उंचीचे २० नोड आणि एक लीफ स्विच, ज्याला नोड थेट जोडतात. ८ स्पाइन, म्हणजे लीफना एकमेकांशी जोडणारे वरच्या थरातले स्विच, त्याच ओळीच्या मधल्या दोन रॅकमध्ये. सगळे स्विच क्वांटम क्यूएम८७००, म्हणजे एचडीआर पिढीचे, २०० जीबीपीएसचे ४० पोर्ट. लीफचे २० पोर्ट नोडना, २० वर स्पाइनकडे (अपलिंक). अपलिंक ३२० आणि ८ स्पाइनचे पोर्टही ३२०, म्हणून नॉन-ब्लॉकिंग (सगळे नोड एकदम पूर्ण वेगाने बोलू शकतील असं) धरून स्विच घेतले गेले. पण एका लीफच्या २० केबल ८ स्पाइनमध्ये वाटायला गेलं की अडीच-अडीच येतात. चार स्पाइनना ३ आणि चारांना २ दिल्या तर चालेल का? केबलची ऑर्डर द्यायची आहे, लांबीचंही सांगा.

फॅब्रिकवाली
३-२ वाटणी करू नका. पोर्ट नेमके भरतात, लिंकचे दिवेही लागतात, घोळ राउटिंगमध्ये होतो. ओपनएसएम (जाळं चालवणारं सॉफ्टवेअर) डेटाच्या वाटा ठरवतं; रूट स्विचची यादी दिली नसेल तर त्याच्या एफट्री राउटिंगची अट आहे की एकाच थरातल्या स्विचपासून वरच्या प्रत्येक स्विचकडे सारख्याच लिंक हव्यात. ती मोडली की ओपनएसएम आपोआप मिनहॉपवर, म्हणजे फक्त कमीत कमी टप्पे बघणाऱ्या साध्या राउटिंगवर उतरतं. लॉग कोणी उघडला नाही तर हे कळतही नाही, फक्त मोठ्या ऑल-टू-ऑल (प्रत्येक नोड प्रत्येकाशी बोलतो अशा) जॉबना बँडविड्थ कमी मिळते.

खरं नॉन-ब्लॉकिंग हवं तर स्पाइन १० लागतील, प्रत्येकाकडे २ लिंक. आत्ता ८ च असतील तर प्रत्येक लीफवरून १६ च अपलिंक टाका. २० ला १६, म्हणजे १.२५:१. बहुतेक जॉबना हा फरक जाणवणार नाही, आणि जोडणी समान राहते हे जास्त मोलाचं.

पोर्ट असे लावा: लीफवर १ ते २० नोड, २१-२२ स्पाइन १ ला, २३-२४ स्पाइन २ ला, असं करत ३५-३६ स्पाइन ८ ला. ३७ ते ४० रिकामे. पुढे दोन स्पाइन आले की तेच चार पोर्ट त्यांना जातात, जुनी एकही केबल हलवावी लागत नाही. स्पाइनच्या बाजूला लीफ क्रमांकाची दुप्पट आणि त्याआधीचा पोर्ट: लीफ ७ असेल तर १३-१४. लेबल दोन्ही टोकांना पूर्ण हवं, ‘एल०७-२५ / एस०३-१३’ असं.

तांब्याची_तार
लांबीचं सांगतो. नोडसाठी तांब्याची डीएसी केबल घ्या: स्वस्त, जवळपास शून्य वीज, पण एचडीआरला २ मीटरपर्यंतच. म्हणून लीफ रॅकच्या माथ्यावर नको, मधोमध हवा. वर १० आणि खाली १० नोड, म्हणजे सरळ अंतर जास्तीत जास्त ९० सेंमीच्या आसपास, उरलेला मीटर कडेने वळवायला. माथ्यावर बसवलात तर तळाचा नोडच १.८ मीटरवर जातो आणि २ मीटरची केबल ताणली जाते.

अपलिंक २५६, सगळ्या एओसी, म्हणजे फायबरच्या केबल. ६०० मिमीचे १८ रॅक, स्पाइन मध्ये, म्हणजे सर्वांत लांबचं आडवं अंतर साधारण ५.४ मीटर. दोन्हीकडची चढ-उतार आणि कडेची वळणं धरून ९ च्या वर जातं, तिथे १० मीटरची. ५ मीटरची फक्त स्पाइनलगतच्या रॅकना पुरते. एओसीची टोकं केबलला कायमची जोडलेली असतात, एक टोक गेलं की अख्खी केबल बदलायची, म्हणून १० मीटरच्या दहाएक जास्त मागवा.

लांबच्या रॅकच्या केबल आधी टाका, त्या ट्रेच्या तळाशी राहतात. कनेक्टर धरून ओढायचं नाही. झिप टाय अजिबात नको, वेल्क्रोच. आवळलेल्या टायखाली फायबर दबतं आणि एरर येत राहतात. उरलेली लांबी ट्रेवर ठेवा, नोडच्या पंख्यांमागे वेटोळी नकोत.

चाळीस_पोर्ट
१० स्पाइनचा प्रस्ताव पुढच्या टप्प्यात ठेवतो, आता १६ अपलिंकच. केबल लावून झाल्यावर तपासणी कशी?

फॅब्रिकवाली
आधी एक: नोडची नेटवर्क कार्डं मागे असतात, म्हणून स्विचचे पोर्टही मागे, गरम बाजूला येतील. हवा वीजपुरवठ्याच्या बाजूने आत घेऊन पोर्टकडे सोडणारंच मॉडेल आलंय ना, हे खोका उघडतानाच बघा. उलटं असेल तर स्विच गरम हवा ओढत राहतो.

तपासणीआधी नोड-नेम-मॅप या फाइलमध्ये सगळ्या स्विचची नावं भरा, नाहीतर नुसते जीयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) वाचत बसाल. मग आयबीलिंकइन्फो ही कमांड चालवा. प्रत्येक ओळीत ४एक्स (चार लेन) आणि ५३.१२५ (दर लेनचा जीबीपीएस वेग) हवं. २एक्स किंवा १एक्स दिसलं तर लेन मेली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही, २५.७८१२५ असेल तर कुठेतरी ईडीआरची (आधीच्या, १०० जीबीपीएस पिढीची) केबल मिसळली आहे. हीच यादी तुमच्या पोर्ट-तक्त्याशी स्क्रिप्टने ताडून बघा, अदलाबदल झालेल्या केबल तिथेच सापडतात.

शेवटी एररचे काउंटर शून्य करून रात्रभर पूर्ण क्लस्टरवर लोड द्या आणि सकाळी आयबीक्वेरीएरर्स ही एरर दाखवणारी कमांड चालवून बघा. सिम्बॉल एरर (डेटा चुकीचा वाचला जाणं) किंवा लिंक-डाउन (लिंक तुटणं) वाढलेली केबल दुसऱ्या पोर्टवर लावा. एरर केबलबरोबर गेले तर केबल बदला, पोर्टवरच राहिले तर स्विचची तक्रार नोंदवा.