निळ्या डॅमसेल माशाची पिल्लं तिसऱ्या दिवशी मरतात, मदत हवी आहे

क्रिसिप्टेरा सायनियाची (निळ्या डॅमसेलचं शास्त्रीय नाव) जोडी आहे. आरओ पाण्यात समुद्री मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २७ अंश. मादी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात अंडी घालते, नर पर हलवत राखण करतो. चौथ्या रात्री दिवे बंद झाल्यावर अंडी फुटतात. इथपर्यंत छान.

पिल्लं टॉर्चच्या उजेडाला गोळा करून मगाने ४० लिटरच्या टाकीत घेतो: बाजू काळ्या, हवा अगदी मंद, नॅनोक्लोरोप्सिसने (सूक्ष्म शेवाळ) हिरवट पाणी, खाद्य म्हणून मिलीलिटरला १० रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव). आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) दिलेला नाही, तो तोंडात मावतच नाही. अमोनिया शून्य, लाईट गेली तर बॅटरीवरचा पंप चालतो. तरीही पोटं रिकामी दिसतात, म्हणजे रोटिफरही मोठा पडत असावा.

म्हणून आणखी बारीक खाद्य हवं: पॅर्व्होकॅलानस कोपेपॉडचं (समुद्रातला सूक्ष्म कवचधारी जीव) जिवंत कल्चर मुंबईहून कोल्हापूरला रात्रीच्या बसने तगेल का, आणि त्याची नॉप्ली (नुकतीच जन्मलेली पिल्लं) मिलीलिटरला किती ठेवायची?