लिटल सायगॉनचा पिवळा झेंडा: आठवण की निष्ठेची परीक्षा?

पांथस्थ: ३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडली आणि त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी माणसं अमेरिकेत आली. आज तिथे त्यांची संख्या वीस लाखांच्या वर आहे. कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरच्या बोल्सा अव्हेन्यूवर, म्हणजे 'लिटल सायगॉन' या त्यांच्या वस्तीत, अजूनही दक्षिण व्हिएतनामचा झेंडा दिसतो. पिवळा, मधोमध तीन लाल पट्टे. तो स्मारकावर असावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९९९ मध्ये तिथल्या एका व्हिडिओ दुकानदाराने कम्युनिस्ट उत्तरेचा नेता हो चि मिन्ह याची तसबीर लावली, तर ५३ दिवस निदर्शनं चालली. हुकूमशाहीतून सुटून आलेल्यांनी आपल्यातल्याच एकाला असं घेरावं, हे मला पटत नाही.

मेघना: साफ असहमत. तसबीर लावायचा त्याचा हक्क कोर्टाने मान्य केला. रस्त्यावर उभं राहायचा यांचाही होताच की. युद्धानंतर कम्युनिस्ट सरकारने दक्षिणेच्या लोकांना डांबलं त्या 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, ज्यांची माणसं होडीतून पळताना समुद्रात गेली, त्यांनी ती तसबीर रोज मुकाट्याने बघायची?

जुना_खलाशी: तुम्ही दोघं कॅलिफोर्नियातच अडकलात. पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियात गेलेल्या व्हिएतनामींना व्हिएतनामच्या कम्युनिस्ट सरकारनेच करार करून कामाला पाठवलं होतं. भिंत पडली, कारखाने बंद झाले, मग त्यांनी कपड्यांचे, भाजीचे ठेले टाकले. बर्लिनचं डाँग शुआन सेंटर हनोईच्या बाजाराचं नाव लावतं. प्रागचा सापा बाजार बघा, घाऊक मालापासून फोच्या, म्हणजे त्यांच्या नूडल सूपच्या, वाडग्यापर्यंत सगळं एका आवारात! त्यांचं मायदेशाशी नातं वेगळं, त्याला या झेंड्याची मोजपट्टी लावू नका.

पांथस्थ: मुद्दा मान्य. पण अमेरिकेतल्या घरांतूनही गावी पैसे जातातच ना? परदेशातून व्हिएतनामला वर्षाला दहा अब्ज डॉलरच्या वर रक्कम येते. टेटला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, माणसं विमानं भरून घरी जातात. १ जुलै २०२५ पासून तर परदेशी नागरिकत्व ठेवून व्हिएतनामचं परत घेणंही सोपं झालंय. सरकार हात पुढे करतंय, मग अढी किती दिवस धरायची?

मेघना: पैसे आईला जातात हो, सरकारला नाही. आणि हात पुढे करणाऱ्यांनी बिएन होआची दक्षिणेच्या सैनिकांची दफनभूमी २००६ पर्यंत लष्कराच्या ताब्यात ठेवली होती. बापाच्या थडग्यावर उदबत्ती लावायलाही मोकळेपणाने जाता येत नव्हतं. ती अढी पासपोर्टने जाईल, असं मला तरी वाटत नाही.