घरातल्या चित्रामागचं गुपित : शाळा-कॉलेजच्या वयात तुम्हाला काय सापडलं?

खूप दिवस हे लिहायचं मनात होतं. मी पंधरा वर्षांची असताना आमच्या घरातलं एक गुपित मला सापडलं, आणि ते कुठल्या डायरीत किंवा कुलूपबंद कपाटात नव्हतं, भिंतीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं.

आजोबा चित्रकार. शाईची रेखाटनं ही त्यांची खासियत, प्रदर्शनं व्हायची, लोक घरी येऊन चित्रं विकत घेऊन जायचे. ते गेल्यावर दोन वर्षांनी एका गॅलरीने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरवलं आणि सुट्टी होती म्हणून सगळ्या चित्रांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माप घ्यायचं, साल लिहायचं, फोटो काढायचा, पुढचं चित्र. एवढी चित्रं ओळीने बघितली की डोळ्याला आपोआप काहीतरी कळायला लागतं. मला कळलं ते असं की शेवटच्या सात-आठ वर्षांतल्या चित्रांमध्ये सावलीच्या रेघा उलट्या पडल्यात. उजव्या हाताचा माणूस भराभर तिरप्या रेघा मारतो तेव्हा त्या खाली डावीकडून वर उजवीकडे झुकतात, डावखुऱ्याच्या बरोबर उलट. लिओनार्दो दा विंची डावखुरा होता आणि त्याची रेखाटनं ओळखताना जाणकार हीच खूण बघतात, हे मी चित्रकलेच्या तासाला ऐकलेलं होतं. आजोबा उजव्या हाताने काढायचे. घरात डावखुरी फक्त आजी, तिची कात्रीसुद्धा वेगळी होती, आम्हा पोरांना तिने धड कापताच यायचं नाही.

आणि अजून एक. त्या चित्रांमधल्या रेघा ठाम होत्या, पण खालची सही थरथरलेली होती.

त्या रात्री मला झोप नाही. आईला सांगायचं का, गॅलरीला सांगायचं का, की आजीलाच विचारायचं? प्रदर्शनाला पाच आठवडे उरले होते. पुढे काय झालं ते लिहिते, पण आधी तुमचं ऐकायचंय. घरातलं एखादं चित्र, शिल्प, जुना फोटो, त्यावरून त्या वयात घरातलं काही कळलं असेल, तुम्ही छडा लावायला गेला असाल, तर लिहा. चुकलेलं असलं तरी लिहा.

*

आमच्याकडे एक तैलचित्र होतं, नदीकाठचं, आजीच्या वडिलांनी काढलेलं. आजीचा जीव त्याच्यात. मी तेरा वर्षांचा, पोस्टाची तिकिटं जमवायचो त्यामुळे हातात कायम भिंग. एक दिवस सहज चित्राला लावलं तर रंगाचा थरच नाही. ब्रशचा उंचवटा दिसतो पण बोट फिरवलं तर सपाट, आणि भिंगातून बारीक फवारा मारल्यासारखे रंगीत ठिपके. छापील मासिकातल्या फोटोत ठिपक्यांची जाळी ओळीत असते ना तशी नव्हती, विखुरलेले ठिपके, म्हणजे इंकजेटची कॅनव्हासवरची प्रिंट. फ्रेम मात्र जुनीच.

मला वाटलं चोरी झाली. चोराने खरं नेलं आणि खोटं लावलं, मी तर वहीत संशयितांची नावंसुद्धा लिहिली. आठवडाभराने बाबांना दाखवली ती वही. बाबांनी वाचली, दार लावून घेतलं आणि म्हणाले, यात माझं नाव नाहीये, ते घाल. ताईच्या ऑपरेशनच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी चित्र विकलं होतं, विकायच्या आधी नीट फोटो काढून प्रिंट करून घेतली आणि आजी गावाला गेली होती त्या चार दिवसांत फ्रेममध्ये बसवली. आईलासुद्धा माहीत नव्हतं. मी कुणाला बोललो नाही. आजी गेली तेव्हा ते तिच्या पलंगासमोर होतं. तिला कळलं होतं का याचा विचार मी अजूनही करतो, कारण नजर अधू झाल्यावर ती चित्रावरून बोटं फिरवायची.

*

वरचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगताना आजही जड जातं. मी सतरा वर्षांची, नुकतंच वाचलं होतं की अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर लावलेला रंग काळा दिसतो. नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च मिळवली, खोलीत अंधार केला आणि काकांकडच्या एका जुन्या निसर्गचित्रावर मारली. उजव्या कोपऱ्यात, बरोबर सहीच्या ठिकाणी, काळा डाग. काका तरुणपणी जुन्या चित्रांच्या नकला करायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी दोन अधिक दोन केलं आणि सगळे जमलेले असताना, पाहुण्यांसमोर, बोलून टाकलं की काकांनी खरी सही झाकून मोठ्या चित्रकाराची सही घातलीय.

नंतर एका जाणकार बाईंनी चित्र बघितलं. कोपऱ्यात पूर्वी कधीतरी ओल लागून रंग उडाला होता, तो भाग कुणीतरी दुरुस्त केला आणि सहीची उडालेली अक्षरं पुरी केली. बस. काळा डाग म्हणजे नंतरचा रंग एवढंच, तो कुणी लावला आणि का लावला हे टॉर्च सांगत नाही. काकांनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, पण त्यांची स्वतःची चित्रं त्यांनी त्यानंतर मला दाखवली नाहीत. माफी मागितली, दोनदा. माझं एकच सांगणं आहे, खूण सापडली की आधी त्या माणसाला एकट्याला गाठून विचारा.

*

मी चित्रांच्या जतनाचं काम करते म्हणून थोडं त्यातलं. इथे वाचणाऱ्या मुलामुलींनी घरचं चित्र तपासायचं ठरवलं तर सगळ्यात आधी ते उलटं करून बघा. पुढची बाजू रंगवता येते, मागच्या बाजूकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. लेबलं, शिक्के, खडूचे आकडे, कॅनव्हास कसा ताणलाय, खिळे आहेत की स्टेपल, सगळ्याचे फोटो काढा. स्टेपल दिसले म्हणून चित्र नवं असं लगेच म्हणू नका, जुनं चित्र नव्याने ताणलेलं असू शकतं. मग अंधारात टॉर्च बाजूने, अगदी चित्राच्या पातळीत धरा, खालच्या चित्राचे उंचवटे कधी कधी असे दिसतात. पिकासोच्या १९०३-०४ च्या गिटार वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्राखाली एका बाईची आकृती आहे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं हे चित्र नीट बघितलं तर तिचा चेहरा नुसत्या डोळ्यांनीही पुसट जाणवतो. ओलं फडकं, तेल, साबण काहीही लावू नका, मी हात जोडते.

आणि घराण्याच्या गोष्टीवर फार विसंबू नका. वोल्फगांग बेल्त्राक्की नावाच्या जर्मन माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रकारांच्या नावाने वर्षानुवर्षं बनावट चित्रं केली. ती खपली कशी, तर बायकोच्या आजोबांचा संग्रह आहे अशी गोष्ट रचून. त्याची बायको स्वतः आजीसारखे जुने कपडे घालून बसली, मागे भिंतीवर तीच चित्रं, आणि तो फोटो जुन्या कागदावर छापून पुरावा म्हणून दाखवला. पकडला गेला तो पांढऱ्या रंगामुळे. १९१४ चं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट निघाला, जो चित्रकारांच्या हाती साधारण १९२० नंतर आला. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. मला त्यातला तो फोटोच जास्त लागतो. आपल्या आजीचा म्हणून दाखवलेला जुना फोटो बघितल्यावर कोण शंका घेणार?

*

२०१३ ला म्युनिकच्या गुर्लिटची बातमी आली तेव्हा मी सोळा वर्षांचा. एका म्हाताऱ्या माणसाच्या फ्लॅटमध्ये हजाराहून जास्त चित्रं सापडली, वडील नाझींच्या काळातले चित्रांचे व्यापारी, आणि मुलाने ती सगळी आयुष्यभर सांभाळून ठेवलेली, त्यातली काही लुटीची निघाली. मला त्या मुलाचंच फार वाटायचं, तो तेव्हा ऐंशीचा होता पण माझ्या डोक्यात मुलगाच. शाळेत त्यावर प्रोजेक्ट केलं, मालकीचा इतिहास म्हणजे प्रॉव्हेनन्स कसा शोधतात, १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांमध्ये चाळीसच्या वर देशांनी अशी चित्रं शोधून न्याय्य तोडगा काढायचं मान्य केलं, वगैरे सगळं. आणि मग साहजिकच घरातल्या एकुलत्या एका भारी चित्राकडे गेलो आणि आजोबांना विचारलं, हे आपल्याकडे कुठून आलं?

आजोबा चिडले. आमचे आजोबा कधीच चिडत नाहीत. म्हणून मी चित्र उलटं केलं. मागे चौकटीवर स्टेन्सिलने मारलेला काळा आकडा आणि अक्षरं होती. मोठी लिलावघरं विक्रीला आलेल्या चित्रावर असे नंबर घालतात हे मला प्रोजेक्टमुळे माहीत होतं. पत्र लिहिलं, महिन्याने उत्तर आलं की चित्र अमुक साली विक्रीला आलं होतं, विकलं गेलं नाही, मालकाला परत दिलं. मालकाचं नाव अर्थातच सांगितलं नाही. म्हणजे आजोबांच्या आधीचा मालक होता आणि त्याला ते विकायची गरज होती.

ते उत्तर मी आजोबांच्या टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. त्यांचा ऑफिसातला मित्र, आजारी, लिलावात चित्र गेलं नाही म्हणून खचलेला. आजोबांनी अगदी थोड्या पैशात घेतलं. कागदोपत्री सगळं कायदेशीर. पण आजोबांना तेव्हाच माहीत होतं की ते कितीतरी जास्त किमतीचं आहे, आणि मित्राला माहीत नव्हतं. तो पुढे चार महिन्यांत गेला. आजोबा म्हणाले, मी रोज त्याच्याकडे बघतो, तुम्हाला वाटतं मी चित्र बघतो.

त्या मित्राची मुलगी शोधायला आम्हाला वर्ष लागलं, मी आणि आजोबा दोघांनी मिळून शोधली. आजोबांच्या आयुष्यातलं ते एक वर्ष माझ्या वाट्याला आलं याचं मला फार मोल वाटतं. चित्र आता तिच्याकडे आहे. आमच्या भिंतीवर फिकट चौकोन होता, तो बाबांनी रंगवू दिला नाही.

*

छोटंसं. आईच्या जुन्या सामानात एक एचिंग होतं, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, खाली पेन्सिलने ए.पी. लिहिलेलं, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. विकायच्या प्रतींवर १२/५०, म्हणजे पन्नासातली बारावी, असे आकडे असतात. मी विचारलं, चित्रकाराची स्वतःची प्रत तुझ्याकडे कशी? आई लाजली. बाबांच्या आधी तिचं लग्न ठरत होतं तो हा. बाबांना सगळं माहीत होतं, फ्रेम त्यांनीच करून आणली होती.

*

पहिल्या ताई, पुढे काय झालं ते लिहा ना, मी सकाळपासून दोनदा येऊन बघून गेले. तुमचं वाचताना मला युडिथ लाइस्टर आठवली. सतराव्या शतकातली डच चित्रकार, तिची चित्रं पुढे त्याच काळातल्या फ्रान्स हाल्स या नावाजलेल्या चित्रकाराच्या नावाने खपत होती. १८९३ मध्ये एका संशोधकाने हाल्सच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रावर तिची खूण ओळखली, जे आणि एल एकमेकांत गुंफलेले आणि एक चांदणी. तोवर दोनशेच्या वर वर्षं तिला कुणी विचारलंच नाही.

*

लिहिते. सगळ्यांचं वाचलं, काकांवाल्या ताईंचं तर तीनदा.

मी आजीलाच विचारलं, दुपारी, दोघीच असताना. विचारलं म्हणजे काय, तिच्यासमोर कोरा कागद आणि शाईचं पेन ठेवलं. तिने बराच वेळ बघितलं, मग पेन उचललं, डाव्या हाताने, आणि पाच मिनिटांत आमच्या खिडकीचं चित्र काढलं. हुबेहूब 'आजोबांचं'.

मग म्हणाली, ह्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा ह्यांनी चार महिने काही खाल्लं-प्यायलं नाही असंच झालं होतं. हे शेजारी बसायचे, इथे गडद, इथे सोड, असं सांगायचे, मी काढायचे. पहिलं वर्ष त्यांनी सांगितलं तसं. नंतर ते नुसते बसायचे. सही ह्यांचीच असायची, तेवढं त्यांना जमायचं.

मी रागाने म्हणलं, आजी, ही तुझी चित्रं आहेत, तू सांगत का नाहीस? तेव्हा मला मार्गारेट कीन माहीत होती, अमेरिकेतली, मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रं काढणारी, जिचा नवरा ती स्वतःच्या नावावर विकत होता आणि १९८६ मध्ये कोर्टात दोघांना चित्र काढायला सांगितलं तर त्याने खांदा दुखतो म्हणून टाळलं आणि हिने ५३ मिनिटांत काढून दाखवलं. ते सगळं मी आजीला ऐकवलं. आजीने शांतपणे ऐकलं. म्हणाली, तिच्यावर जबरदस्ती होती गं. माझ्यावर नव्हती. पण लोकांनी पैसे दिलेत ते ह्यांचा हात समजून, हे मला टोचतं. ते मी ह्यांना एकदा बोलले, मग दोघंही कधी बोललो नाही.

प्रदर्शन झालं ते फक्त जुन्या चित्रांचं. गॅलरीला आईने जाऊन खरं सांगितलं, त्या लोकांनी खूप समजूतदारपणा दाखवला, कॅटलॉगमधून शेवटची वर्षं काढली. घरात मात्र वादळ. मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही, आजोबांचं नाव घालवलंस म्हणाला. मला आजही वाटत नाही की मी घालवलं. पण त्याला तसं का वाटलं ते आता कळतं, तो त्यांचा मुलगा होता.

आजीने मग विकलेल्या चित्रांच्या मालकांना पत्रं लिहिली, ज्यांचे पत्ते होते त्यांना, एकोणीस पत्रं, प्रत्येक स्वतःच्या हाताने. सात उत्तरं आली. दोघांनी पैसे परत मागितले, ते दिले, चित्रं परत आली. चौघांनी राहू दे म्हणून कळवलं. आणि एक बाई चित्र घेऊनच आल्या, गाडीत मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, आणि आजीला म्हणाल्या, सही करून द्या. आजी तेव्हा एक्याऐंशीची. तिने चित्राच्या पुढच्या बाजूला हात लावला नाही. चित्र उलटं केलं आणि मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने आपलं नाव लिहिलं, लग्नाआधीचं, जे मी तोपर्यंत कधी ऐकलंसुद्धा नव्हतं.